डावीकडची सावली

१

दुपारचे तीन वाजले की त्या घरात दोन आवाज व्हायचे. आधी खुर्ची ओढल्याचा, मग टीव्हीचं बटण दाबल्याचा. खुर्ची बायकोची, बटण नवऱ्याचं.

नवऱ्याने चाळीस वर्षं लोकांचे टीव्ही दुरुस्त केले होते, म्हणून गल्लीतले लहानथोर त्याला मेकॅनिक म्हणत. बायको एका कचेरीत इंग्रजी टायपिस्ट होती. नोकरी संपली तेव्हा टाइपरायटर कचेरीतच राहिला, पण बोटं घरी आली. ती बोटं काही स्वस्थ बसेनात. बायको रांगेत उभी असली तरी पिशवीच्या बंदावर चालायची, झोपेत चादरीवर चालायची.

मग एकदा माळा आवरताना लेकीचा जुना संगणक हाती लागला. लेक शाळेत असताना आणलेला. सगळा संगणक एका जाड कीबोर्डात मावलेला, आणि पडदा म्हणून घरचाच टीव्ही. लेक आता दूरच्या शहरात, स्वतः दोन मुलांची आई. मेकॅनिकने धूळ झटकून तो जोडला आणि चालू झाला तेव्हा त्यालाच नवल वाटलं.

तेव्हापासून ती रोज तीनला बसायची. आधी बोटं मोकळी करायला शिकाऊ टायपिस्टांची ती ओळ: ए, एस, डी, एफ. मग मनातलं. शब्द मराठी, अक्षरं इंग्रजी. तासभर लिहायचं आणि बटण बंद करायचं. बंद केलं की सगळं पुसलं जायचं.

“मग लिहितेस कशाला?” त्याने विचारलं होतं.

“तुमच्याशी बोलते ते तरी कुठे राहतं?” ती म्हणाली आणि हसली.

मेकॅनिक चौथीतून सुटलेला. इंग्रजीतली त्याला फक्त सर्किटच्या नकाशावरची अक्षरं ओळखीची. आर म्हणजे रेझिस्टन्स, सी म्हणजे कंडेन्सर, डी म्हणजे डायोड. ती एकापुढे एक ठेवून काय होतं, ते त्याला कधी कळलं नाही. त्यामुळे ती लिहायची तेव्हा तो शेजारी स्टुलावर बसून चित्र बघायचा. काय लिहिलंय ते नाही. चित्र.

आणि चित्र वाईट होतं.

२

“अहो मेकॅनिकसाहेब,” ती एकदा म्हणाली, “जगाचे टीव्ही नीट केलेत. बायकोच्या नशिबी हे धुकंच का?”

“तुझे डोळे पिकलेत. मोतीबिंदू आहे तो.”

“मोतीबिंदू डोळ्यात आहे. टीव्हीत नाही.”

हे त्याला लागलं. कारण खरं होतं. लेक लहान असताना तीही हेच म्हणायची, बाबा, अक्षरं फुटतात. आणि तो म्हणायचा, उद्या बघतो हं. गिऱ्हाइकांचे टीव्ही भिंतीला लागून उभे असायचे. उद्या करता करता लेक सासरी गेली.

आता मात्र त्याने संगणक उघडला. आत एक पत्र्याची डबी होती. दोष तिच्यात, हे त्याला बघताक्षणी कळलं. त्याने बायकोला समजावून सांगितलं, “चित्र आतून निघतं तेव्हा स्वच्छ असतं. ही डबी त्याला टीव्ही स्टेशनचा सदरा घालते, कारण जुन्या टीव्हीला अँटेनाची वाट तेवढी ठाऊक. टीव्हीत शिरलं की तो सदरा परत उतरवायचा. घाल, काढ, घाल, काढ. मग चुरगळणार नाही तर काय?”

“मग उघडंच जाऊ द्या की बिचाऱ्याला.”

“तेच करतोय.”

त्याने डबीला वळसा घातला. एक ट्रान्झिस्टर, दोन रेझिस्टन्स, एक कंडेन्सर, आणि हातभर वायर थेट टीव्हीच्या मागे. तिने ए, एस, डी, एफ मारलं आणि टाळी वाजवली. अक्षरांना कडा आल्या होत्या.

मेकॅनिकने टाळी वाजवली नाही. तो पुढे वाकून बघत होता. प्रत्येक अक्षराला सावली होती. अगदी पुसट, केसाएवढी.

३

सावली म्हणजे काय, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. चाळीस वर्षांत निम्म्या तक्रारी तिच्याच. एक लहर अँटेनाला सरळ येते, दुसरी समोरच्या इमारतीवर आपटून, वळसा घालून येते. ती उशिरा पोहोचते, म्हणून तिचं चित्रही उशिरा उमटतं. पडद्यावर चित्र डावीकडून उजवीकडे काढलं जातं. तेव्हा उशिरा येणारी सावली पडते ती उजवीकडे. नेहमी उजवीकडे.

ही सावली डावीकडे होती.

त्याने चष्मा पुसला. डावीकडेच होती. म्हणजे ती चित्राच्या आधी पोहोचत होती.

अशी सावली त्याने आयुष्यात एकदाच पाहिली होती, केबल नवीन आली तेव्हा. हवेतली लहर केबलच्या आधी घरात शिरायची. पण इथे हवेतलं काही नव्हतं. अँटेना उतरवलेली होती. हातभर वायर, तिची दोन टोकं, आणि मध्ये काही नाही.

“तुला डावीकडे काही दिसतं का गं?” त्याने विचारलं.

“मला नाही बाई दिसत. छान झालंय की. आता पुरे.”

“पुरे काय पुरे? सावली आहे.”

“असू दे. माणसालासुद्धा असते.”

पण मेकॅनिकच्या डोक्यात भुंगा शिरला होता. सावली दिसली की काढायची, एवढंच त्याला ठाऊक. त्याने नोंदवही काढली. दुकानाची जुनी सवय: तारीख, दोष, उपाय. तारखेखाली लिहिलं, सावली, डावीकडे, केसभर.

४

त्याने वायर बदलून जाळीची घातली. सावली गेली नाही, सरकली. आता ती एका अक्षराच्या अंतरावर होती.

त्याने शेवटाला योग्य मापाचा रेझिस्टन्स घातला. चित्र काचेसारखं झालं. सावली पाच अक्षरं दूर गेली.

त्या दुपारी त्याने प्रथमच चित्र सोडून बायकोची बोटं पाहिली. तिच्या डाव्या हाताचं करंगळीचं बोट वाकडं होतं, लहानपणी दारात चेमटलेलं. ए हे अक्षर त्या बोटाचं. टाइपरायटरवर ते अक्षर कायम फिकं उठायचं. कचेरीतला साहेब म्हणायचा, पत्र कुणी टाइप केलंय ते सही न बघता कळतं. संगणकावर तसं काही नाही. हळू दाबा की जोरात, अक्षर सारखंच उमटतं.

सावलीतला ए फिका होता. बाकी अक्षरांहून फिका, जिथे जिथे आला तिथे तिथे.

मेकॅनिक तिच्या हाताकडे बघत राहिला. वाकडी करंगळी हवेत होती. अजून खाली आली नव्हती. आणि डावीकडे, पडद्यावर, फिका ए उमटून गेला होता. मग करंगळी खाली आली, टक. मग खरा ए.

त्याने स्वतःला समजावलं की आपले डोळे म्हातारे झालेत, कान म्हातारे झालेत, दोघांचा मेळ बसत नाही. वीज उशीर करत नसते आणि घाईही करत नसते. चाळीस वर्षांत एकदाही नाही.

“अहो,” ती म्हणाली, “तुम्हाला एक सांगायचं होतं.”

“थांब जरा. चित्र बसू दे.”

ती थांबली. तिने डावा दंड जरा चोळला आणि पुन्हा लिहायला लागली.

५

पुढच्या पंधरा दिवसांत त्याने आतले सगळे कंडेन्सर बदलले. प्रत्येक वेळी चित्र सुधारायचं आणि प्रत्येक वेळी सावली आणखी पुढे पळायची. एका ओळीने. मग एका पानाने. शेवटी तर सावलीतल्या ओळी आणि चित्रातल्या ओळी यांचा काही मेळच राहिला नाही. त्याला वाचता येत नव्हतं, पण लांबी दिसत होती. चित्रात ओळ आखूड, तर सावलीत लांब. दोन निरनिराळी पत्रं एकावर एक ठेवावीत तसं.

त्याने तर्क केला. जुना संगणक आहे, आदल्या दिवशीचं काहीतरी पोटात राहत असेल. शिळं. उपाय: बंद करून रात्रभर वायर काढून ठेवणे. तेही केलं. सावली होती तशीच.

बायकोला त्याने हे सगळं सांगितलं होतं, फक्त करंगळीचं सोडून. ती चेष्टा करायची. “आज तुमची सावली कशी आहे? जेवली का?”

“हसू नकोस. काढतो की नाही बघ.”

“काढा हो. पण कधीतरी मी काय लिहिते तेही विचारा.”

“चित्र नीट झालं की विचारेन.”

“मला एवढंच सांगायचंय की…”

“नीट झालं की,” तो म्हणाला. त्याचं डोकं टीव्हीच्या मागे होतं.

शुक्रवारी त्याने एक शहाणपण केलं. सावलीतली शेवटची ओळ नोंदवहीत उतरवून घ्यायची आणि चित्रात कुठे सापडते का बघायचं. अक्षर कळत नव्हतं, पण आकार काढता येत होते. नकाशा काढतो तशी त्याने ओळ काढली. जीभ दातात धरून, एकेक अक्षर. शेवटी एक आकडा होता, माशाच्या गळासारखा, खाली टिंब. बायको लिहून थांबल्यावर त्याने चित्राची ओळन् ओळ ताडून पाहिली. तसा आकडा कुठेच नव्हता.

त्याने वहीत खाली लिहिलं, मूळ चित्रात हे नाही. निव्वळ कचरा.

६

शनिवारी सकाळी त्याला अर्थिंगचा एक सांधा सैल सापडला. त्याने तो घट्ट केला, सोल्डर लावलं, फुंकर मारली. तीन वाजता खुर्ची ओढली गेली, बटण दाबलं गेलं. ए, एस, डी, एफ.

सावली नव्हती.

त्याने डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, खिडकी लावून पाहिलं. पडदा धुतल्यासारखा होता. काळ्यावर पांढरी अक्षरं, आणि भोवती नुसतं काळं.

“गेली!” तो ओरडला. या वयात स्टुलावरून उडी मारायचा तेवढा बाकी राहिला. “घालवली मी की नाही? घालवली मी!”

“अगंबाई, खरंच?”

“बघ ना. बघ आधी.”

तिने पाहिलं. डोळे बारीक करून नीट पाहिलं, त्याच्यासाठी. “छान झालं हो,” ती म्हणाली. “अगदी छान.” तिच्या कपाळावर घाम होता. पंखा चालू होता.

मग ती लिहायला लागली, नेहमीपेक्षा हळू. तो बाजूला बसून त्या स्वच्छ काळ्याकडे बघत होता. इतकं निर्मळ चित्र त्याने दुकानातल्या कोऱ्या टीव्हीवरही पाहिलं नव्हतं. शेवटच्या ओळीच्या टोकाला एक आकडा उमटला, गळासारखा, खाली टिंब. त्याला क्षणभर काहीतरी खटकलं. पण आनंदात असलेला माणूस खटकलेलं फार वेळ धरून ठेवत नाही.

तिने बटण बंद केलं आणि दोन क्षण हात मांडीवर ठेवून बसून राहिली.

“काय सांगायचं होतं तुला?” त्याने विचारलं.

“राहू दे,” ती म्हणाली. “उद्या.”

रविवारी सकाळी ती उठली नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेल्या, त्रास झाला नसेल. आधी कधी छातीत दुखत होतं का त्यांच्या? मेकॅनिक म्हणाला, नाही. कधी बोलली नाही.

७

लेक आली, पंधरा दिवस राहिली. घर आवरताना तिला नोंदवही सापडली.

“बाबा, हे आईने लिहिलंय का? अक्षर तर तुमचं आहे. वेडंवाकडं.”

“ते काही नाही गं. कचरा आहे तो. सावलीतला.”

“कचरा कसा? मराठीच आहे. इंग्रजी अक्षरांत.” ती खिडकीपाशी गेली. अडखळत, अक्षर लावत वाचायला लागली. “सावली… सावली गेली म्हणून… आज इतके खूश आहेत. छातीत… छातीत कळ येते ते… आत्ता कसं सांगू?”

तिने वहीवरून मान वर केली.

“सावली गेली म्हणजे काय, बाबा?”

त्याने वही तिच्या हातातून घेतली. तारीख त्याच्याच हातची होती. शुक्रवार. खाली त्याच्याच हातचं, मूळ चित्रात हे नाही. सावली गेली ती शनिवारी. तो ओरडला तो शनिवारी. तो प्रश्नचिन्हाचा आकडा पडद्यावर उमटला तोही शनिवारी.

“म्हणजे शुक्रवारीच तिने लिहिलं होतं,” लेक म्हणाली. “तुम्ही शेजारी बसला होतात, बाबा. तुमच्या समोर लिहिलं तिने.”

तिला खरं सांगावं असं त्याच्या ओठांवर आलं. पण खरं त्याहून बरं नव्हतं. समोर लिहिलेलं वाचता आलं नाही, हे एक. आणि एक आख्खा दिवस आधी ते हाती आलं, स्वतःच्या बोटांनी अक्षर अक्षर उतरवलं, आणि खाली कचरा म्हणून शेरा मारला, हे दुसरं. यांतलं कुठलं लेकीला सांगायचं?

आणि शनिवारची ती स्वच्छ, काळी, निर्मळ जागा. सावली चित्राच्या एक दिवस पुढे होती. रविवारी तीन वाजता त्या खुर्चीवर कुणी बसणार नव्हतं, तर सावलीत दिसणार काय?

घालवली मी, असं तो म्हणाला होता. दोनदा.

“मला ही अक्षरं शिकवशील का?” त्याने लेकीला विचारलं.

लेकीने डोळे पुसले आणि पाटीसारखी वही मांडीवर घेतली. “हा ए, बाबा.”

“तो माहीत आहे,” मेकॅनिक म्हणाला.

८

लेक गेल्यावर त्याने सगळं उलटं केलं. अर्थिंगचा सांधा सैल केला. जुने कंडेन्सर डब्यातून शोधून परत लावले. रेझिस्टन्स काढला, वायर काढली, पत्र्याची डबी पुन्हा जोडली. चित्र पहिल्यासारखं धुकट झालं. सावली काही आली नाही. सांध्यात दोष नव्हताच कधी, हे त्याला कळत होतं. तरी हात चालत राहिले.

मग त्याने सगळं पुन्हा सुलट केलं. जशी तिने शेवटची पाहिली तशी काच करून ठेवली. रोज तीनला तो खुर्ची ओढायचा, बटण दाबायचा आणि आपल्या स्टुलावर बसायचा. खुर्ची रिकामी, पडदा काळा, कोपऱ्यात एक चौकोनी ठिपका लुकलुकत राहायचा. तासाभराने तो बंद करायचा. शेजारीण एकदा दारातून डोकावली आणि म्हणाली, “काका, काहीच तर लागलेलं नाही.” तो म्हणाला, “हो. काहीच नाही.”

असे दोन महिने गेले. एका गुरुवारी बटण दाबल्यावर पडद्याला ऊब यायला लागली तोवर तो चष्मा पुसत होता. चष्मा चढवून त्याने वर पाहिलं.

डावीकडे, अगदी कडेला, पुसट अक्षरं होती. आता त्याला ती वाचता येत होती. एस. डी. एफ. आणि त्यांच्या आधी, डोळे ताणल्यावर दिसणारा, बाकीच्यांहून फिका, ए.

त्याने टीव्ही तसाच चालू ठेवला आणि भिंतीला धरून उठला. सावली एक दिवस पुढे असते. आज गुरुवार.

शुक्रवारी त्याने खुर्ची पुसली, कीबोर्डावरची धूळ पुसली. दाराला आतून कडी घालावी की कडी काढून ठेवावी, हे त्याला ठरवता येईना. शेवटी काढून ठेवली. मनात एक विचार सारखा येत होता, की ती अक्षरं आपणच मारू. म्हातारपण, एकटेपण, बोटं आपोआप जातील आणि मग सगळ्याचा उलगडा होईल. उलगडा होईल, हीच भीती होती. म्हणून तीनला पाच मिनिटं कमी असताना तो स्टुलावर बसला आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

घड्याळात तीन झाले. खुर्ची ओढल्याचा आवाज झाला नाही. ती आधीच ओढून ठेवली होती.

कीबोर्डावरचं डावीकडच्या टोकाचं बटण हळूच खाली गेलं. पुरतं नाही. वाकड्या करंगळीचा जोर पोहोचेल तेवढंच.

पडद्यावर काहीतरी उमटायला लागलं होतं. डावीकडेही काहीतरी हललं असावं, उद्याचं. मेकॅनिकने तिकडे पाहिलं नाही.

“चित्र राहू दे,” तो म्हणाला. “तू आधी सांग.”

आणि इतक्या वर्षांत प्रथमच, तीन वाजता, त्याने पडद्यावरची नजर काढून खुर्चीकडे वळवली.